डॉक्टरसाहेबांचा नंबर

मा. अध्यक्ष, मध्य प्रदेश आयुर्विज्ञान परिषद, भोपाळ
आणि
मा. अध्यक्ष, इंडियन मेडिकल असोसिएशन, भोपाळ शाखा

यांस,


मी औषधविक्रेता आहे. आमचं दुकान 'बारह सौ पचास'पासून चालत दहा मिनिटांवर. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, जयप्रकाश जिल्हा रुग्णालयाला इथे सगळे या आकड्यानेच ओळखतात. १९५६ साली राजधानी भोपाळला आली, नागपूरहून फाइली आल्या, फाइलींमागून कारकून आले, आणि त्यांच्यासाठी सरकारी क्वार्टर बांधले गेले. जिथे जेवढी घरं, तेवढा आकडा त्या वस्तीचं नाव होऊन बसला. पंचेचाळीस बंगले, चौऱ्याहत्तर बंगले, अकराशे क्वार्टर. माझे वडील त्या फाइलींमागून आलेल्यांपैकीच. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही भोपाळी अजूनही आकडाच सांगतो. एक आकडा मात्र इथे कुणी विचारत नाही, तो म्हणजे डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. त्याबद्दल हे पत्र.

पत्राची हिंदी प्रत आपल्या दोन्ही कार्यालयांत पोचती केली आहे. मराठीत छापायला दिलं ते दोन कारणांनी. राग आपल्या भाषेत नीट लिहिता येतो, हे एक. दुसरं, भोपाळच्या डॉक्टरांत मराठी आडनावं थोडी नाहीत, आणि त्यांच्या घरी मराठी मासिकं येतात. पत्र त्यांच्याही नजरेला पडावं.

आता काउंटरवर या.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण मुलगा आईची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी पावसाने थोडी भिजलेली. वर सर्प गुंडाळलेला दंड, हिरव्या शाईत 'डॉ.', नाव, आणि नावाखाली 'एमबीबीएस (ए.एम.)'. कंसातली दोन अक्षरं इतकी बारीक की मला चष्मा पुसावा लागला. ए.एम. म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन. त्याखाली 'फिजिशियन व सर्जन', वेळ, 'रविवार बंद', आणि अगदी तळाला 'न्यायालयीन कामासाठी अमान्य'. पैसे भरायचा क्यूआर कोड ठसठशीत छापलेला. औषधं अशी: डेक्सामेथासोनच्या गोळ्या, सेफिक्झिम, बी-कॉम्प्लेक्स आणि ज्याला इथे 'गैस की गोली' म्हणतात ती पॅन्टोप्राझोल. भोपाळमध्ये 'गॅस' हा शब्द कानावर पडला की दुसरंच काही आठवतं, आणि या आईच्या बाबतीत ते खरंही होतं. वायुगळती झालेल्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या बाजूच्या वस्तीतली बाई. चाळीस वर्षांची जुनी धाप.

मी मुलाला म्हटलं, डेक्सा किती दिवसांपासून चालू आहे? तो म्हणाला, "अंकल, जब भी साँस फूलती है, डॉक्टर साब यही देते हैं. दो दिन में आराम आ जाता है." आराम येणारच. स्टेरॉइडने धाप बसते, भूक लागते, चेहरा भरतो, माणूस 'सुधारला' असं शेजारी म्हणतात. साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, साधा जंतुसंसर्ग जिवावर बेततो, ते सगळं नंतर. चिठ्ठीवर एका कोपऱ्यात 'रजि. नं.' होता आणि पुढे पाच आकडे. मी ते आकडे फोनवर डॉक्टरांच्या राष्ट्रीय यादीत टाकून पाहिले. नाव भलत्याचंच निघालं. चिठ्ठीवरच्या डॉक्टरचा जन्म व्हायच्या आधी कधीतरी नोंदलेला कुणी दुसराच माणूस.

मी डेक्सा दिली नाही. मुलगा पुढच्या दुकानात गेला. तिथे त्याला मिळाली की नाही ते मला ठाऊक नाही, पण अंदाज आहे.

अध्यक्ष महोदय, आमच्या धंद्याचा नियम आपल्याला माहीत असेल, वाचकांना नसेल. औषध नियम, १९४५ मधला ६५वा नियम सांगतो की शेड्यूल एचमधलं औषध फक्त नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकायचं. मार्च २०१४ पासून त्यात एच-१ आलं. काही जंतुप्रतिबंधकं, क्षयरोगाची औषधं, झोपेच्या गोळ्या विकल्या की वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि मात्रा लिहायची, आणि ती वही तीन वर्षं जपायची. म्हणजे समोर आलेली चिठ्ठी खऱ्या डॉक्टरची आहे की नाही, हे ठरवायची जबाबदारी कायद्याने माझ्या गळ्यात घातली. जबाबदारी दिली, साधन दिलं नाही. डॉक्टरांची यादी तुमच्याकडे आहे. ती वाचता येईल अशी नसेल तर माझी वही म्हणजे नुसती शाई.

त्या राष्ट्रीय यादीत शोधायला गेलं की एक गंमत दिसते. कोणती परिषद ते निवडायचं असतं, आणि त्या ओळीत मध्य प्रदेशाबरोबर 'भोपाळ' वेगळी आहे, 'महाकोशल' वेगळी आहे, 'विदर्भ'ही वेगळी आहे. ज्या राज्यांचे आणि प्रदेशांचे जुने नकाशे १९५६ मध्येच पुसले गेले, त्यांच्या परिषदा या यादीत अजून नांदताहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे गोड वाटेल, मलाही क्षणभर वाटलं. पण यादी साफ करायला कुणाला वेळ झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. जुनी परिषद राहून गेली तसा जुना माणूसही राहून जातो. गेलेले, परदेशी स्थायिक झालेले, वयोमानाने दवाखाना बंद केलेले, सगळे कागदावर सेवेत आहेत. केंद्र सरकारलाही हे माहीत आहे. संसदेत उत्तर देताना नोंदणीकृत डॉक्टरांपैकी ८० टक्केच प्रत्यक्ष काम करतात असं धरून हिशोब मांडला जातो. उरलेल्या २० टक्क्यांचे नंबर मोकळे पडलेत. मोकळ्या घरात कुणीतरी शिरतंच.

पदव्यांचं तर विचारू नका. बी.ई.एम.एस. म्हणजे इलेक्ट्रोहोमिओपॅथी. आर.एम.पी. हे तर पदवीचं नावच नव्हे, 'नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक' एवढाच त्याचा अर्थ, आणि ते बहुधा ज्याची नोंदणी नाही तोच लिहितो. 'आयुर्वेद रत्न' आणि 'वैद्य विशारद' प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाचे. १९६७ नंतर या पदव्यांच्या जोरावर व्यवसाय करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं. साहित्य संमेलनाने वैद्य तयार करावेत ही कल्पना एरवी मला आवडली असती.

पण झोलाछाप, म्हणजे भोंदू डॉक्टर, म्हणून सगळ्यांना एकाच काठीने हाणायला माझा हात धजत नाही. १९९५ पासून मध्य प्रदेश सरकारनेच गावोगावी 'जनस्वास्थ्य रक्षक' तयार केले. काही महिन्यांचं प्रशिक्षण, हातात औषधांची पेटी. नंतर योजना बारगळली, माणसं उरली. गावात दुसरा डॉक्टर नव्हताच, तेव्हा लोकांनी त्यांनाच 'डॉक्टर साब' केलं. त्यातल्या कितीतरी जणांना रुग्ण कधी पुढे पाठवायचा याची जाण होती, अजून आहे. माझं भांडण त्यांच्याशी नाही. दुसऱ्याचा नंबर आपल्या लेटरहेडवर छापणाऱ्याशी आहे, आणि तो नंबर सहज छापता येतो अशी व्यवस्था चालू ठेवणाऱ्यांशी त्याहून जास्त.

हे सगळं फक्त वस्त्यांत आणि खेड्यांत चालतं, असा एक सोयीचा समज होता. तो एप्रिल २०२५ मध्ये याच राज्यातल्या दमोह शहराने मोडला. कॅथलॅब असलेल्या एका मोठ्या रुग्णालयात लंडनच्या नामांकित हृदयरोगतज्ज्ञाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन एक जण अँजिओप्लास्ट्या करत होता. रुग्णांच्या मृत्यूंबद्दल तक्रार झाली, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचं पथक आलं, प्रयागराजमध्ये त्याला अटक झाली. मध्य प्रदेशाच्या परिषदेत त्याची नोंदणी नव्हती, हा फिर्यादीतला मुद्दा होता. गुन्हा सिद्ध व्हायचा तेव्हा न्यायालयात होईल, त्याबद्दल मी बोलत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की रुग्णाला कॅथलॅबच्या टेबलावर घेण्याआधी नंबर पाहायचं काम नक्की कुणाचं होतं? रुग्णालयाची नोंदणी १९७३च्या उपचारगृह कायद्याखाली जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकाऱ्याकडे. डॉक्टरची नोंदणी १९८७च्या कायद्याने परिषदेकडे. रुग्णालयातल्या औषधांच्या दुकानाचा परवाना औषध प्रशासनाकडे. तीन कार्यालयं, तीन कपाटं. एका कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे नाही.

आणि नंबर असला तरी पदवी कुठून आली हा प्रश्न या राज्यात शिल्लक राहतोच. व्यापमंचा प्रवेशपरीक्षा घोटाळा आम्ही विसरलेलो नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गैरमार्गाने मिळवलेले ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द केले. तोवर त्यांतल्या अनेकांची शिक्षणाची वर्षं उलटून गेली होती. तेव्हापासून माझ्याकडे येणारी म्हातारी माणसंसुद्धा नवा डॉक्टर पाहिला की अर्धवट थट्टेने विचारतात, "पढ़ के बना है ना?" प्रामाणिकपणे रात्री जागून शिकलेल्या मुलांना हा प्रश्न ऐकावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं. या मुलांच्या अब्रूचं रक्षण करायचं असेल तर यादी उघडी आणि ताजी ठेवण्याइतकं चांगलं दुसरं औषध नाही.

आता असोसिएशनच्या अध्यक्षांकडे वळतो.

साहेब, तुमची संस्था १९२८ सालची, कलकत्त्याला स्थापन झालेली, तिची कामगिरी मोठी. पण ती संघटना आहे. सदस्यत्व ऐच्छिक आहे, वर्गणी भरून घेतलेलं. परवाना देणं किंवा काढून घेणं तुमच्या हातात नाही. हे तुम्हाला माहीत आहे, परिषदेला माहीत आहे, पेशंटला माहीत नाही. शहरातल्या एखाद्या दवाखान्याची भिंत आठवून पाहा. आजीव सदस्यत्वाचं प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत, त्याशेजारी मंत्र्यांबरोबरचा फोटो, आरोग्य शिबिरात सहभागाचं प्रशस्तिपत्र, एखाद्या परिषदेला हजर राहिल्याचं प्रमाणपत्र, त्यावर शिक्का आणि फीत. बाकावर बसलेला माणूस या चौकटी मोजतो आणि जितक्या जास्त तितका डॉक्टर मोठा असं ठरवतो. नोंदणीचं प्रमाणपत्र कुठे आहे, असा प्रश्न त्याला सुचतही नाही, कारण त्याच्या लेखी या सगळ्याच 'सरकारी' चौकटी.

२००२च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांना व्यावसायिक संघटनांत सामील व्हा असं सांगितलं आहे. त्याच संहितेत, थोडं पुढे, नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पैशांच्या पावतीवर लिहायलाच हवा असंही म्हटलं आहे. पहिलं कलम पाळायला सगळे हौसेने येतात. दुसऱ्याकडे पाहायला कुणाला सवड नाही. माझ्या काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्यांत नावाजलेल्या, खऱ्याखुऱ्या, एमडी झालेल्या डॉक्टरांच्याही चिठ्ठ्या असतात, आणि त्यावर नंबर नसतो. भुरट्याने नंबर चोरला म्हणून ओरडायचं आणि खऱ्याने नंबर लिहायचाच नाही, मग फरक कसा कळणार?

सदस्य करून घेताना असोसिएशन नोंदणी पाहते. चांगलं आहे. पण एकदा पाहिली की पुढे? परिषदेने एखाद्या सदस्याची नोंदणी निलंबित केली तर त्याची सोनेरी चौकट भिंतीवरून उतरते का? उतरवायला कोण जातं? तुमच्या भोपाळ शाखेने अशा निलंबित सदस्यांची माहिती छापून लोकांना दिली, तर भोंदूंविरुद्ध काढलेल्या दहा निवेदनांपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल. निवेदनं मी वाचतो. ती नेहमी दुसऱ्याबद्दल असतात.

माझा पुण्यातला भाचा डॉक्टर आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेत त्याला दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी ३० श्रेयांक गोळा करावे लागतात. तो चडफडतो. म्हणतो, "मामा, रविवारी हॉटेलात जेवण आणि तीन भाषणं, झाले गुण." त्याचं म्हणणं खरं असेल. तरीही पाच वर्षांतून एकदा तो जिवंत आहे आणि महाराष्ट्रातच आहे, एवढं तरी परिषदेला कळतं. २०२५ मध्ये त्या परिषदेने दवाखान्यात क्यूआर कोड लावायचा उपक्रम सुरू केला. फोन धरला की डॉक्टरची नोंदणी समोर. माझ्या त्या भिजलेल्या चिठ्ठीवरही क्यूआर कोड होता, पण तो पैसे घ्यायचा. तंत्रज्ञान आमच्याकडेही आहे, फक्त त्याची दिशा उलटी आहे. महाराष्ट्रात सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. एका वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांच्या नोंदणीवरून तिथे डॉक्टर संपावर गेले. तो वाद आपल्याही दारात येणार आहे. आला की निदान आम्हा दुकानदारांना कोणाच्या चिठ्ठीवर कोणतं औषध चालेल याची यादी आधी द्या, आणि भांडा मग.

विलायतेचं उदाहरण द्यायला मी कचरतो, कारण तिथली यादी उत्तम असूनही तिथे फसगत झाली. जनरल मेडिकल कौन्सिलची यादी कुणालाही पाहता येते. परवाना चालू आहे का, तज्ज्ञ म्हणून नोंद आहे का, बंधनं घातली आहेत का, सारं त्यात दिसतं. त्याच यादीत एक बाई न्यूझीलंडची खोटी पदवी दाखवून शिरली आणि सुमारे वीस वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून वावरली. २०२३ मध्ये तिला सात वर्षांची शिक्षा झाली. पण प्रकरण उघडकीला आल्यावर कौन्सिलने त्याच जुन्या वाटेने आलेल्या सुमारे ३,००० डॉक्टरांचे कागद पुन्हा तपासायला काढले. दमोहनंतर आपण किती कागद काढले, ते सांगावं. आकडा छोटा असला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट मनात खुपते. डॉक्टरविरुद्ध परिषदेकडे तक्रार गेली आणि निकाल विरुद्ध लागला, तर डॉक्टरला दिल्लीच्या मंडळाकडे अपील करता येतं. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ३०व्या कलमात तशी सोय आहे. तक्रारदार रुग्णाचं नाव त्या सोयीत नाही. भोपाळला राहून गेलेल्या कुणालाही हे वाचून नवल वाटू नये. इथल्या माणसाने १९८४च्या डिसेंबरातल्या त्या गळतीपासून एकच धडा गिरवला आहे की कागद त्याचा नसतो. भरपाईसाठी कागद, इलाजासाठी कागद, आपण त्या रात्री त्या वस्तीत होतो हे सिद्ध करायला कागद. ज्या बाईने आयुष्यभर आपली ओळख कागदाने सिद्ध केली, तिला आपल्या डॉक्टरची ओळख विचारायचा हक्क का नसावा? ती विचारायला घाबरते. विचारलं तर डॉक्टर रागावतील, पुढच्या वेळी पाहणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून विचारायची वेळच येऊ नये. नंबर भिंतीवर हवा, हिंदीत हवा, मोठ्या अक्षरात हवा, दारातून दिसेल असा.

तेव्हा विनंती अशी. परिषदेने वारलेल्यांची नावं काढावीत, नूतनीकरण न केलेल्यांपुढे तशी खूण करावी, निलंबितांची नावं लपवू नयेत, आणि ही यादी साध्या फोनवर हिंदीत शोधता यावी. रुग्णालयाने नवा डॉक्टर घेतला की पहिला रुग्ण तपासण्याआधी त्याचा नंबर परिषदेकडून पडताळून घ्यावा, आणि त्याची पोच मुख्य चिकित्सा अधिकाऱ्याच्या फाइलीत लागावी. असोसिएशनने सदस्यत्वाच्या प्रमाणपत्रावर 'हा व्यवसायाचा परवाना नाही' ही एक ओळ छापावी. छपाईचा खर्च वाढणार नाही. आणि आम्हा औषधविक्रेत्यांसाठी एक फोन नंबर द्या, ज्यावर संशयास्पद चिठ्ठी कळवता येईल आणि कळवणाऱ्याचं नाव त्या डॉक्टरपर्यंत जाणार नाही. तसा नंबर नसल्यामुळे मी त्या पावसाळ्यातली चिठ्ठी कुणालाच कळवली नाही. ही माझी चूक मी इथे मान्य करतो. झेरॉक्स जपून ठेवली आहे.

नोंदणी नसताना व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं २०१९चा कायदा म्हणतो. शिक्षा आहेच. ती व्हायला आधी माणूस सापडावा लागतो, आणि तो सापडायला खऱ्यांची यादी चोख लागते.

परिषदेचे किंवा असोसिएशनचे कुणी सदस्य आमच्या भागात आले तर दुकानात जरूर यावं. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला माझं फार्मसी कौन्सिलचं प्रमाणपत्र आणि दुकानाचा परवाना काचेत लावलेला आहे. परवान्याची पहिलीच अट ती आहे, की तो ग्राहकाला दिसेल अशा जागी लावावा. मी ती एकतीस वर्षं पाळत आलो.

आपला नम्र,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, भोपाळ